फुग्याच्या बाह्या शिवताना खालून दोऱ्याचं जाळं का होतं, आणि दुरुस्त करूनही परत का येतं

शिवताना वरून टाका नीट दिसत असतो आणि कापड उलटून पाहावं तर खाली दोऱ्याचं नुसतं जाळं झालेलं असतं. मशीन अडतं, कापड दात्यांत ओढलं जातं, आणि रुबियासारखं तलम कापड असेल तर जाळं सोडवताना त्याला भोकं पडतात. मग खालच्या दोऱ्याचं बॉबिन काढून पुन्हा भरायचं, ते ज्या डबीत बसतं त्या केसचा स्क्रू जरा आवळायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचे. एक-दोन शिवणी बऱ्या जातात आणि पुढच्या बाहीला परत तेच.

बाहीला, हे इथे महत्त्वाचं. खांदे, बाजूची शिवण, हुकांची पट्टी हे सगळं बिनबोभाट होतं. जाळं होतं ते बहुतेक वेळा फुग्याची बाही जोडताना किंवा ती जोडून झाल्यावर लगेचच्या शिवणीत.

जुन्या फोटोंवरून ब्लाउज शिवायची हौस हल्ली वाढली आहे आणि मला तिचं फार कौतुक वाटतं. नाशिकच्या जुन्या वाड्यांतून फ्लॅटमध्ये आलेल्या घरांत एखादा तरी अल्बम असतो. त्यात सासूबाई नऊवारीत नि खणाच्या चोळीत खुर्चीवर, मागे मुली-सुना पाचवारीत, ब्लाउजला फुग्याच्या बाह्या आणि बाहीच्या कडेला साडीचाच काठ, असा स्टुडिओतला फोटो सापडतो. तो मोबाइलमध्ये घ्यायचा, मेन रोडवरून टू बाय टू रुबिया आणायचं, माळ्यावरचं काळं मशीन खाली उतरवायचं आणि कामाला लागायचं. त्या फोटोतली चोळी आणि ब्लाउज शेजारी ठेवून पाहा. खणाची चोळी चौकोनी-तिकोनी तुकड्यांची, कापड वाया जाऊ नये अशी बेतलेली, पुढे गाठ मारायची; तिला चुण्या नाहीतच. फुग्याच्या बाहीचा सगळा डौल मात्र चुण्यांत आहे. आणि चुण्या घालण्यासाठी आपण मशीनला जे काही करतो, तिथेच या जाळ्याचं मूळ आहे.

जाळं खाली, दोष वर

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. सुईचा दोरा कापडातून खाली जातो, शटलचं, म्हणजे खालच्या फिरत्या भागाचं, टोक त्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि वर-खाली होणारा लिव्हर तो फास परत वर ओढून घेतो. दोन दोऱ्यांची कडी कापडाच्या जाडीत मधोमध बसली की टाका बरोबर. १८४६ साली एलियास हाउ यांनी पेटंट घेतलेल्या यंत्रापासून आजच्या इलेक्ट्रिक मशीनपर्यंत हे तत्त्व तेच राहिलं आहे. त्यामुळे पुढचं निदान आजीच्या पायमशीनला लागू आहे तसंच नव्या मशीनलाही.

आता लिव्हर फास वर ओढतो तेव्हा वरच्या दोऱ्याला ताणच नसेल, तर तो दोरा खालीच लोंबत राहतो. हेच जाळं. म्हणजे खाली दिसणारा गुंता वरच्या दोऱ्याचा असतो आणि आपण खालच्या केसचा स्क्रू फिरवत बसतो. केस आवळली की खालचा दोरा आणखी घट्ट होतो आणि वरच्याला आणखीच खाली ओढतो. मग तरीही एक-दोन शिवणी बऱ्या का जातात? कारण जाळं कापून काढताना वरचा दोरा तुटतो, तो पुन्हा ओवावा लागतो, आणि ओवताना तो या वेळी नीट बसलेला असतो. श्रेय स्क्रूला जातं आणि खरं कारण तसंच राहतं.

खात्री करून घ्यायची असेल तर त्याच रुबियाच्या तुकड्यावर वर लाल आणि खाली निळा दोरा घालून वीतभर शिवण मारा. कापड उलटा. खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे फास दिसले तर वरचा ताण कमी आहे किंवा मुळीच नाही. उलट वरच्या बाजूला निळे ठिपके वर येत असतील तर वरचा ताण जास्त किंवा केस सैल. हा तुकडा फेकू नका, पुढे लागणार आहे.

चुण्यांसाठी सैल केलेलं टेन्शन

चुण्या घालायची नेहमीची रीत अशी: टाका मोठा करायचा, वरचं टेन्शन म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण सैल करायचा, म्हणजे खालचा दोरा कापडाखाली सरळ पडतो आणि तो ओढला की चुण्या सरसर गोळा होतात. रीत चुकीची नाही. पण चुण्या झाल्यावर टाका लहान करायचं लक्षात राहतं, कारण मोठा टाका डोळ्यांना दिसतो. सैल केलेलं टेन्शन दिसत नाही. तशीच बाही मुंढ्याला, म्हणजे ब्लाउजला बाही बसते त्या घेराला, जोडायला घेतली की जाळं ठरलेलं.

काळ्या मशीनवर यात आणखी एक अडचण असते. पुष्कळ जुन्या मशीनच्या टेन्शनच्या नटावर आकडे नसतात किंवा असलेले झिजून गेलेले असतात. सैल केलेला नट मूळ जागी नेमका न्यायचा कसा? त्यासाठी एकदाच वेळ काढून दोन रंगांच्या दोऱ्यांनी टाका जुळवून घ्या आणि नटावर व त्याच्या शेजारच्या स्थिर भागावर समोरासमोर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. नंतर नट कितीही फिरवा, ठिपक्याला ठिपका भिडवला की झालं. तलम कापडासाठी एका रंगाचा आणि काठ-अस्तराच्या जाड थरासाठी दुसऱ्या रंगाचा, असे दोन ठिपके ठेवले तर सोन्याहून पिवळं.

माझं मत विचाराल तर चुण्यांसाठी टेन्शनला हातच लावू नये. टाका जास्तीत जास्त लांब ठेवला आणि बॉबिनमध्ये चांगला मजबूत दोरा असला तर आहे त्या टेन्शनवरही खालचा दोरा ओढता येतो. जरा हळू ओढावा लागतो, एवढंच. टाक्याची लांबी तपासायला टेप पुरते: एका इंचात १० ते १२ टाके ही ब्लाउजची नेहमीची शिवण, आणि चुण्यांसाठी इंचाला ५-६ टाके. बाहीच्या कडेपासून पाव इंचावर एक आणि पाऊण इंचावर दुसरी, अशा दोन ओळी घाला. दोन्हींचे खालचे दोरे एकदम ओढा. बाही जोडायची शिवण या दोन ओळींच्या मधून, अर्ध्या इंचावर जाते आणि चुण्या इकडेतिकडे सरकत नाहीत. आतली ओळ नंतर काढून टाकायची. एकाच ओळीवर चुण्या घेतल्या तर त्या शिवणीखाली वाकड्या पडतात आणि फुगा एका बाजूला कलतो.

अगदी झिरझिरीत कापड असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि हातानं धावदोरा घाला. दोन बाह्यांना फारसा वेळ लागत नाही आणि उसवायची पाळी येत नाही.

पाय खाली आलाच नाही

दुसरं कारण याहून साधं आहे आणि म्हणूनच सुटतं. बाही जोडताना मशीनच्या पायाखाली, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाखाली, काय काय असतं पाहा: चुण्या घातलेली बाही, तिचं अस्तर, ब्लाउजचा मुंढा, त्याचं अस्तर. एवढा जाड गठ्ठा पायाखाली सरकवला की पाय त्याला टेकलेला दिसतो आणि मागचा दांडा खाली करायचा राहून जातो. कापड पुढे सरकतं, शिवण होतेय असं वाटतं. पण बहुतेक मशीनमध्ये पाय वर असला की वरचा दोरा ज्यांच्या मधून जातो त्या टेन्शनच्या चकत्या आपोआप उघडतात. म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण शून्य. चार टाक्यांत खाली गुंतवळ तयार.

याची उलटी बाजू ओवण्याच्या वेळी येते. दोरा ओवताना पाय वरच हवा. पाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न जाता कडेवरून निसटतो आणि दिसायला मात्र जागच्या जागी असतो. तेव्हा पाय वर करून ओवायचं आणि पाय खाली करून शिवायचं. रात्री थकल्यावर, मुलांच्या गडबडीत हा क्रम उलटतो. माझी सिडकोतली भाची फोन करते, “मावशी, परत जाळं झालंय गं.” तेव्हा मी केसचं नावच काढत नाही. “आधी पाय वर कर, वरचा दोरा पूर्ण काढून परत ओव, लिव्हरच्या भोकातून गेलाय का बघ,” एवढंच सांगते. लिव्हरचं भोक चुकलं तरी पहिल्याच टाक्याला मशीन अडतं.

ओवल्यावर सुईत दोरा घालण्याआधी हाताला एक परीक्षा घेऊ द्या. पाय वर ठेवून दोरा ओढा: तो अलगद यायला हवा. पाय खाली करून ओढा: आता चांगला अडायला हवा. दोन्ही वेळा सारखाच सैल आला तर चकत्यांमध्ये कचरा अडकलाय किंवा त्या उघडणारी आतली पिन जुन्या तेलानं चिकटून बसली आहे. हे माळ्यावरून उतरवलेल्या मशीनमध्ये सर्रास होतं. पाय वर करून सुती कापडाची घडी चकत्यांच्या मधून पुढे-मागे फिरवा. काळपट रेघा आणि दोऱ्याचे कोंब निघतात. एखादा कोंब राईएवढा असला तरी चकत्या पूर्ण मिटत नाहीत.

तेल आणि नाशिकची थंडी

“डिसेंबरपर्यंत छान चालत होतं, मग बिघडलं” अशी तक्रार आली की मी आधी तेल कोणतं घातलं ते विचारते. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घातलेलं असतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपल्या नाशकातल्या घरांतही बाटलीतलं खोबरेल पांढरं होऊन बसतं, तसंच ते मशीनच्या आतही बसतं. खाण्याचं दुसरं कुठलं तेल घातलं तर ते गोठलं नाही तरी काही महिन्यांत चिकट होतं, त्यावर दोऱ्याची धूळ बसते आणि शटल जड फिरायला लागतं. मशीनचं पातळ, पांढरं तेलच घालायचं, प्रत्येक भोकात एक-दोन थेंब. मग चिंधीवर थोडं शिवून जास्तीचं तेल निघून जाऊ द्यायचं, नाहीतर त्याचे डाग रुबियावर पडतात आणि ते सहज जात नाहीत.

आधीच चिकटलेलं तेल सोडवायला जुने कारागीर रॉकेल वापरतात. करायचंच तर खिडक्या उघड्या ठेवून, आसपास गॅस-दिवा नसताना, फक्त लोखंडी भागांना. नंतर सगळं पुसून कोरडं करून नवं तेल. मशीनच्या काळ्या अंगावर आणि सोनेरी नक्षीवर मात्र रॉकेल किंवा स्पिरिट लावू नका. त्यानं तिच्यावरचा मुलामा सुटतो आणि नक्षी बोळ्याबरोबर निघून येते. ती परत मिळत नाही. मऊ फडक्यावर मशीनचंच तेल घेऊन हलकं पुसलं की ती छान उजळते.

पावसाळ्याचं एवढंच, की सुया उघड्या ठेवू नका. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. गंजाचा ठिपका डोळ्यांना दिसत नाही, पण दोरा त्यावर अडतो आणि तुटतो.

सुई, दोरा आणि काठ

रुबिया, मलमल, रेशीम यांना ११ नंबरची सुई. अस्तरासह जाड भागाला १४. पाकिटावर ७५/११ आणि ९०/१४ असं लिहिलेलं असतं. ७५ म्हणजे पाव मिलिमीटर कमी एक, म्हणजे ०.७५ मिलिमीटर जाडीची सुई. घरच्या मशीनला चपट्या दांडीची सुई लागते, कारखान्याच्या मशीनची गोल दांडीची असते. दुकानात मागताना जुनी सुई सोबत नेलेली बरी. बसवताना नियम एकच: सुईच्या पात्यावरची लांब खोबण ज्या बाजूला, दोरा त्या बाजूनं ओवायचा. चपटी बाजू बरोबर त्याच्या विरुद्ध येते. उलटी बसली तर जाळ्यापेक्षा टाके सुटणंच जास्त होतं.

आजीच्या डब्यातली जुनी लाकडी रिळं सुंदर दिसतात. शिवायला मात्र घेऊ नका. हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. पटकन तुटला तर तो दोरा आता फक्त पाहण्यापुरता. उलट मोठ्या कोनचा दोरा घेत असाल तर तो मशीनवरच्या बारीक खिळ्यावर खोचू नका. कोन तिथे नीट फिरत नाही, दोरा अडत-सुटत येतो, आणि टाका कधी घट्ट कधी सैल पडतो. कोन मशीनमागे एका मगात उभा ठेवा, दोरा सरळ वर जाऊ द्या.

काठाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या फॅशनचं ब्लाउज म्हटलं की पैठणीचा काठ बाहीला हवाच असतो. येवला आपल्या जिल्ह्यातच, त्यामुळे घरोघरी एखादी जुनी पैठणी निघते. कृपा करून तिचा काठ कापू नका आणि कापलेला असला तरी त्यावर मशीन चालवू नका. जुनं रेशीम घडीवर कमजोर झालेलं असतं, सुईच्या ओळीनं पडलेली भोकं म्हणजे फाडायला आखून दिलेली रेघ ठरते. असा काठ हातानं, बारीक टाक्यांनी, आधी मलमलच्या पट्टीवर बसवा आणि मग ती पट्टी बाहीला जोडा. नवा काठ असेल तर मशीन चालेल. जरीच्या तारेनं सुईचं टोक लवकर बोथट होतं, म्हणून काठाला नवी सुई आणि नंतर रुबियाला परत दुसरी. काठ दात्यांत ओढला जात असेल तर खाली पतंगाचा कागद ठेवून शिवा आणि मग तो हळूच फाडून काढा. संक्रांतीला येवल्याचे पतंग गाजतात, तेव्हा हा कागद शोधायला लागत नाही.

आणि फुगा उभा राहण्यासाठी चुण्या वाढवत नेऊ नका. जास्त चुण्या म्हणजे जास्त जाडी, आणि जास्त जाडी म्हणजे पायाखाली परत तोच त्रास. चुण्या फक्त खांद्याच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच ठेवा, काखेकडे अजिबात नको. आतून ऑर्गंडीची दोन बोटं रुंद पट्टी मुंढ्याच्या शिवणीला टाचली की फुगा छान धरून राहतो. सुती ब्लाउजला धुतल्यावर हलकी खळ दिली की फोटोतल्यासारखा ताठपणा येतो.

शिवताना

चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे प्रत्येक चुणी पायाखाली जाण्याआधी दिसते आणि उसवणीच्या टोकानं सरळ करता येते. सुरुवातीला लिव्हर सर्वांत वर असू द्या, वरचा-खालचा दोन्ही दोरे पायाच्या मागे धरून ठेवा, सुई हातानं कापडात उतरवा, मग पाय खाली, मग शिवण. मोठं चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. पायमशीन नव्यानं शिकणाऱ्यांकडून पहिल्या झटक्याला चाक उलटं जातं आणि दोरा शटलमध्ये अडकतो. म्हणून हातानं चाक आपल्याकडे ढकलूनच पायटा सुरू करायचा. खांद्याच्या शिवणीचा उंचवटा आला की पाय तिरका होतो आणि टाका सुटतो. तिथे थांबून पायाच्या मागच्या बाजूला कापडाची घडी सरकवा, पाय सपाट होतो, मग चार टाके चाक हातानं फिरवून घ्या.

हे सगळं बरोबर असून जाळं होत असेल तर मग केसकडे वळा. केस बाहेर काढा, दोऱ्याचं टोक धरून लोंबकळत ठेवा. आपल्या वजनानं ती खाली घसरायला नको, पण हाताला हलका झटका दिला की थोडी खाली यायला हवी. सरसर घसरत असेल तर केसवरच्या पट्टीखाली दोऱ्याचा कचरा असतो. जाड कागदाचा कोपरा पट्टीखाली सरकवून तो काढा. टाचणी नको, तिनं पोलादावर ओरखडा पडतो. कचरा काढूनही घसरली तरच मोठा स्क्रू फिरवा, तोही घड्याळाच्या पाव तासाएवढासुद्धा नाही, आणि आधीची जागा लक्षात ठेवून. शटल काढून खालची खोबण ब्रशनं साफ करा. सुई कधी तिच्या खालच्या पत्र्यावर आपटली असेल तर पत्र्याच्या भोकाची कड बोटानं चाचपा. खरखरीत लागली तर अगदी बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा.

यानंतरही खाली फास पडत राहिले किंवा टाके सुटत राहिले, तर शटलच्या टोकाची धार गेली असेल किंवा सुई आणि शटलची वेळ चुकत असेल. ते घरी करायचं काम नाही. कारागिराकडे मशीनचं डोकं नेताना ज्या रुबियावर आणि अस्तरावर बिघडतं त्याचे तुकडे, तीच सुई, तोच दोरा आणि लाल-निळ्या दोऱ्यानं शिवलेला तो तुकडा सोबत न्या. त्याच्या दुकानातल्या जाड चिंधीवर मशीन चालून दाखवलं तर समाधान मानू नका. आपल्या कापडाच्या चार पदरांवर, चुण्यांसकट, समोर शिवून घ्या आणि उलटी बाजू पाहूनच पैसे द्या.